जुन्या पद्मिनीला नवा सायलेन्सर

गाडी ओरडायला लागली म्हणून मालक मिस्त्रीकडे जातो, तोवर सायलेन्सर जाऊन बरेच दिवस झालेले असतात. तो कुजतो आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. गाडी लांब पळाली तर नळी आणि डबा चांगले तापतात आणि वाफ बाहेर पडते. घरापासून बाजार समितीपर्यंत जाऊन गाडी परत शेडमध्ये लावली, तर तीच वाफ डब्यात थंड होऊन बसते आणि पत्रा खाते. आपल्या भागातल्या जुन्या फियाट, पद्मिनी, अॅम्बॅसेडर लग्नसराईत आणि सणावाराला बाहेर निघतात, एरवी ताडपत्रीखाली. सायलेन्सर सडायला याहून चांगली सोय शोधून सापडायची नाही.

हा डबा सेनगावात, घरच्या अंगणात बदलता येतो. त्यासाठी लिफ्ट लागत नाही, मोठं गॅरेज लागत नाही. लागतो तो एक पूर्ण मोकळा दिवस, आदल्या रात्रीची थोडी तयारी आणि घाई न करण्याची सवय. खाली मी प्रीमियर पद्मिनी धरून लिहितो आहे, कारण हौसेने जपलेल्या गाड्यांत तीच जास्त दिसते. अॅम्बॅसेडर आणि जुन्या महिंद्रा जीपलाही बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर या गाडीचे सुटे भाग मुंबईत ढिगाने खपत. आता गिऱ्हाईक उरलं ते हौशी लोकांचं. त्यामुळे दुकानदार 'पद्मिनीचा आहे' म्हणून जे हातात ठेवतो ते पद्मिनीला बसेलच, असं धरून चालू नका.

म्हणून पहिलं काम मापाचं. जुना सायलेन्सर काढण्याआधी, गाडी उभी असतानाच खालून मोबाइलने फोटो काढा: पुढून, मागून, प्रत्येक रबरी हँगरचा, प्रत्येक क्लॅम्पचा. मग नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. गंज चढलेला असेल तिथे घासून मोजा. डब्याची लांबी, त्यात नळी मधोमध शिरते की कडेने, मागच्या ॲक्सलवरून जाणारा बाक किती उंच आहे, हे सगळं कागदावर चित्र काढून लिहा. हा कागद घेऊनच कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, संभाजीनगरला किंवा नांदेडला जा. फोनवर मागवणार असाल तर आधी दुकानदाराकडून टेप धरलेला फोटो मागा.

दुकानात डबा हातात घेऊन हलवा. आत काही खडखडलं तर आतला पत्रा नीट डागलेला नाही, परत ठेवा. एका तोंडाला डोळा लावून पाहा. पलीकडचा उजेड सरळ दिसला आणि आत लोकरीसारखं भरणही नसेल, तर तो सायलेन्सर नव्हे, नुसती रंगवलेली नळी आहे. साध्या लोखंडी पत्र्याचा डबा स्वस्त पडतो. वर्षभर झाकून ठेवायच्या गाडीला मात्र थोडे जास्त पैसे घालून स्टेनलेस घ्यावा. ४०९ ग्रेडवर वरवरचा तपकिरी गंज येतो, पण तो टिकतो. ३०४ चकचकीत राहतो आणि महाग पडतो. नळी सोळा गेजची, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीची असावी. अठरा गेज चालते, पण ती डागताना वेल्डरचा हात हलका लागतो.

आता 'फ्री-फ्लो'बद्दल. मोठ्या व्यासाची नळी टाकली की पिकअप वाढतो, असं सांगणारे खूप भेटतील. अकराशे सीसीच्या या इंजिनाला ते लागू होत नाही. नळी रुंद झाली की धुराचा वेग पडतो आणि कमी आरपीएमवरची ओढ कमी होते. पद्मिनी आयुष्यभर चालते ती कमी आरपीएमवरच, त्यामुळे चढाला आणि गाडी भरलेली असताना फरक लगेच जाणवतो. जुन्या नळीचा व्यास होता तोच ठेवा. वाढतो तो फक्त आवाज, आणि आवाजासाठी सायलेन्सर बदलणं मला तरी पटत नाही. जुन्या गाडीची शोभा ती हळू गुणगुणत गेली तरच आहे.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२० व्या नियमाप्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवला, ते चित्र वर्तमानपत्रांत सगळ्यांनी पाहिलं आहे. चारचाकीला वेगळा न्याय नाही.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना जुलै २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको, अशी अट आहे. सायलेन्सर त्या यादीत नाही. पण पहिल्या पद्मिनी आता पन्नाशीला आल्या आहेत. पुढे-मागे अर्ज करायचा विचार असेल तर चेसिसला नवी भोकं पाडू नका, मूळचे ब्रॅकेट कापू नका. नवा डबा जुन्याच जागी, जुन्याच आधारांवर बसला पाहिजे.

गाडीखाली शिरण्याआधी

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. दोन्ही ऋतूंत जॅकला ती दगा देते. वरून कोरडी दिसणारी माती वजन आलं की खाली बसते आणि जॅक तिरका होतो. म्हणून गाडी शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर घ्या. तेवढी जागा नसेल तर जॅकखाली आणि प्रत्येक स्टँडखाली दोन इंच जाडीची रुंद फळी घाला. मागचा भाग उचलायचा तर पुढच्या दोन्ही चाकांना दगडाची अडणी, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. गाडी उचलून लोखंडी स्टँडवर ठेवा आणि मगच खाली जा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत. ते न वाकता, न कुरकुरता एकदम फुटतात. गाडी स्टँडवर आली की बाहेरून दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

घरात दुसरं कुणी नसताना हे काम करू नका. खाली झोपलेल्या माणसाला पाना हातात द्यायला, आणि वेळ आली तर धावायला, कुणीतरी हवं. डोळ्यांना चष्मा आवश्यक आहे, कारण वरून पडणारा गंज थेट डोळ्यात जातो. इंजिन पूर्ण थंड असावं.

जुने नट सोडवताना

खरी परीक्षा इथे होते. फ्रंट पाइप मॅनिफोल्डला जिथे जोडलेली असते तिथले स्टड हजारो वेळा तापून थंड झालेले असतात. मॅनिफोल्ड बिडाचा, त्यातला स्टड तुटला तर सोपं काम अवघड होऊन बसतं. म्हणून आदल्या संध्याकाळी ते नट वायर ब्रशने घासा आणि गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून चालतं. रात्री पुन्हा एकदा, सकाळी पुन्हा एकदा. मग सहा कोनी गोटी पाना लावा. बारा कोनी पाना गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. नट आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला दाबा. कटकन आवाज आला की गंज सुटला. आता सैल करा, अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, मध्ये तेल. स्टड पिळवटल्यासारखा मऊ लागायला लागला तर तिथेच थांबा. तो तुटायच्या बेतात आहे.

नट हलतच नसेल तर छिन्नीने नटाची एक बाजू चिरून तो फोडून काढा. नट गेला तरी नवा मिळतो. गॅसची ज्योत मारून नट सोडवायची पद्धत मिस्त्री सर्रास वापरतात आणि ती चालतेही, पण घरी, पेट्रोलच्या नळीशेजारी, ती करू नका. स्टड तुटलाच तर मॅनिफोल्ड काढून लेथवाल्याकडे न्या; हाताच्या ड्रिलने बिडात सरळ भोक पडत नाही.

दोन नळ्यांमधलं जुनं पॅकिंग, किंवा नळीवर गुंडाळलेली पांढरट पट्टी, ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती सुकी खरवडू नका, फुंकू नका. पाण्याने ओली करून काढा आणि पिशवीत बांधून टाका. मागचे क्लॅम्प आणि डबा यांच्यावर मात्र जीव लावायची गरज नाही. क्लॅम्प हॅक्सॉने कापा, नळी मध्ये कापून डबा उतरवा. उतरवताना त्याखाली विटांची थप्पी किंवा कुणाचा तरी हात असू द्या. अर्धवट सुटलेला डबा छातीवर येतो.

डबा निघाल्यावर वरची बाजू पहिल्यांदाच मोकळी दिसते. ती नीट पाहून घ्या. फ्लोअरला गंजाची भोकं असतील तर ती आता बुजवा, कारण धूर तिथूनच आत येतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहा. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं किंवा त्याला चिरा जातात. तशी नळी दिसली तर नवा सायलेन्सर बसवायच्या आधी ती बदला. हँडब्रेकची वायर कुठे घासते तेही बघून ठेवा.

बसवणं

मॅनिफोल्डच्या तोंडावरचा जुना काजळीचा थर साफ करा आणि पॅकिंग नवीनच घाला. स्टडवर पितळी नट वापरा. ते गंजून चिकटत नाहीत, पुढच्या वेळी सहज सुटतात. मग पुढून मागे जात सगळं नुसतं हाताने लावा. एकही नट पान्याने आवळू नका. एका नळीत दुसरी नळी किमान दीड-दोन इंच आत गेली पाहिजे आणि पुढची नळी मागच्या नळीच्या आत शिरली पाहिजे.

आता हँगर. सायलेन्सर रबरावर लटकतो तो इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं म्हणून. डबा चेसिसला कडक बांधला तर डुलणाऱ्या इंजिनाचा सगळा ताण पुढच्या फ्लँजवर येतो आणि तिथे तडा जातो. रबर मिळालं नाही म्हणून बांधायच्या तारेने डबा टांगलेला आपल्याकडे नेहमी दिसतो. ती तार हिंगोलीपर्यंत पोहोचायला ठीक आहे, कायमची नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टीही काही महिने काम देते, पण डब्याच्या उष्णतेने ती ठिसूळ होते. माप घेऊन गाडीचं रबर आणा.

सगळं सैल लटकत असतानाच नळी हाताने चहूकडे हलवून पाहा. फ्लोअर, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या यांपासून बोटभर तरी मोकळी जागा हवी. एक्झॉस्टची नळी पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको, असा नियमच आहे. मी दोन इंच ठेवा म्हणेन. मागच्या ॲक्सलपाशी विशेष लक्ष द्या. पद्मिनीला मागे पाटे आहेत. गाडी स्टँडवर बॉडीच्या आधाराने उभी असते तेव्हा ॲक्सल खाली लोंबतो आणि नळीला भरपूर जागा दिसते. गाडी जमिनीवर आली, मागे तीन माणसं बसली, की ॲक्सल वर येतो आणि प्रत्येक खड्ड्यात नळीवर आदळतो. म्हणून गाडी खाली उतरवा, मागच्या सीटवर सोयाबीनची दोन पोती ठेवा आणि बाहेरून वाकून अंतर बघा. रिसोड रस्त्यावरचा किंवा जिंतूर रस्त्यावरचा एखादा स्पीडब्रेकर डोळ्यासमोर आणून बघा म्हटलं तरी चालेल.

टेल पाइप बॉडीच्या बाहेर स्पष्ट निघाली पाहिजे. ती बंपरखालीच संपली तर गाडीच्या मागे तयार होणाऱ्या पोकळीत धूर घुटमळतो आणि डिकीच्या कुजलेल्या रबरातून आत येतो. तोंड मागे किंवा उजवीकडे असावं. खाली किंवा डावीकडे, म्हणजे फुटपाथच्या बाजूला, नको.

नळी जुळत नसेल आणि डाग मारावा लागत असेल तर गाडीवरच डाग मारायचा मोह आवरा. पेट्रोलची टाकी मागेच असते. नळी जागेवर धरून खडूने खुणा करा, उतरवा आणि वेल्डरकडे न्या. आपल्याकडचे वेल्डर ट्रॉल्या आणि नांगर जोडणारे. जाड लोखंडावर त्यांचा हात बसलेला. तो करंट आणि ती जाड कांडी सोळा गेजच्या नळीला लावली की भोक पडतं. त्यांना अडीच मिलिमीटरची कांडी लावायला आणि करंट साठ-सत्तर अँपिअरवर ठेवायला सांगा, आधी चार टाके मारून मग थोडं थोडं जोडायला सांगा. सीओटू वेल्डिंग जवळ मिळत असेल तर उत्तमच. आणि कुणी पाण्याच्या मोटारीचा जीआय पाइप वापरू म्हटलं तर नाही म्हणा. त्यावरचा जस्ताचा थर डागताना धूर होतो, तो छातीत गेला की ताप भरतो. शिवाय तो पाइप इतका जड की हँगरच तुटतात.

सगळं जुळलं की पुढून मागे जात आवळत या. फ्लँजचे नट एकेक पूर्ण न आवळता आळीपाळीने थोडे थोडे, दोन्ही बाजू सारख्या. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी, मागच्या टोकाला, तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. साठलेलं पाणी तिथून गळून जातं. स्टेनलेसच्या डब्यालाही ते हवं.

तपासणी

इंजिन उघड्यावर सुरू करा. पत्र्याच्या बंद शेडमध्ये कधीच नाही, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. नव्या नळीवरचं तेल जळून पहिला थोडा वेळ धूर आणि वास येतो, त्याने घाबरू नका. हातमोजा घालून, जाड फडक्याने टेल पाइपचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा: सगळे जोड पक्के असतील तर इंजिन गुदमरतं; कुठे फुसफुस ऐकू आली तर तो जोड सैल आहे. साबणाचं पाणी जोडांवर टाकलं की फुगे दिसतात. मॅनिफोल्डजवळची बारीक गळती कानाला टिकटिक अशी ऐकू येते, टॅपेट वाजल्यासारखी, आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागे फट् आवाज निघतो.

मग काचा बंद करून दहा मिनिटं गाडी फिरवा. डोकं जड झालं, मळमळ वाटली, तर काचा खाली करा, गाडी थांबवा आणि तोवर ती वापरू नका, जोवर धूर कुठून येतो ते सापडत नाही. ताडपत्रीची जीप असणाऱ्यांनी आपली गाडी उघडी म्हणून निर्धास्त राहू नये. मागचा पडदा उघडा ठेवून चालवली की जीप मागचा धूर स्वतःच आत ओढते.

नर्सीमार्गे हिंगोलीला एकदा जाऊन आलात की गाडी थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा तपासा. पहिल्या तापण्यात पॅकिंग दबतं आणि नट सैल पडतात. हे नेहमीचं आहे. आठवड्याने जोडांवर काळी रेघ दिसली तर तिथून धूर निसटतो आहे. प्लग काढून त्याचा रंग बघा: फिकट पांढरा असेल तर कार्बोरेटरची ट्यूनिंग करून घ्या. त्यानंतरच पीयूसीला जा. या काळातल्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे आणि दाखला सहा महिने चालतो. गळका सायलेन्सर बाहेरची हवा आत ओढून आकडा खोटा कमी दाखवतो, म्हणून आधी गळती बंद करून मगच मोजणी.

काढलेला जुना डबा भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. आत कितीही सडला असला तरी त्याचे बाक आणि टोकं मूळ मापाची आहेत. पद्मिनीचा सायलेन्सर पुढच्या खेपेला बाजारात मिळाला नाही, तर वेल्डरसमोर नमुना म्हणून तोच ठेवावा लागेल.